नाव ठेवणारे, नाव घेणारे

अंगावर घोंगडी घ्या. सिसिली म्हटलं की आपल्याला ऊन आठवतं, पण जानेवारीतली रात्र तिथेही थंडच असते आणि तुम्ही उभे आहात पालेर्मोच्या राजवाड्याच्या मनोऱ्यावर. 1 जानेवारी 1801. वर्षाचा पहिला दिवस, आणि काटेकोर मोजणाऱ्यांच्या हिशेबाने नव्या शतकाचाही पहिलाच. समोर पाच फूट व्यासाचं पितळी चक्र आहे, लंडनच्या रॅम्सडेनने बनवलेलं. त्याच्या दुर्बिणीला डोळा लावून जुझेप्पे पियाझी बसलेत. वय चोपन्न, पेशा धर्मगुरूचा, नाद ताऱ्यांच्या जागा मोजण्याचा. शेजारी घड्याळ टिकटिकतंय. तारा दुर्बिणीतल्या तारेवरून सरकला की ठोका मोजायचा, चक्रावरचा अंश वाचायचा, वहीत लिहायचं आणि पुढच्या ताऱ्याची वाट बघायची.

वृषभ राशीतल्या एका ताऱ्याची वाट बघताना त्याच्या थोडा आधी एक मंद ठिपका येतो. पियाझी त्याचीही नोंद करतात. बस्स. टाळ्या नाहीत, आरोळी नाही. शोध लागलाय हे त्यांना ठाऊकच नाही, आणि तुम्हाला सांगायची परवानगी नाही. पण या माणसाची एक खोड आहे: एकच तारा निदान चार रात्री मोजल्याशिवाय तो त्यावर विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या रात्री ठिपका जरा सरकलेला दिसतो. आपलंच काल चुकलं असेल, असं त्यांना वाटतं. तिसऱ्या रात्री तो आणखी सरकतो. चौथ्या रात्री मात्र चूक आपली नाही, ठिपकाच चालतोय हे उघड होतं.

पत्रांतून ते धूमकेतू सापडल्याचं कळवतात, कारण त्यात धोका कमी. फेब्रुवारीत आजारी पडतात, ठिपका सूर्याच्या उजेडात शिरतो आणि हरवतो. ब्रन्सविकमधला चोवीस वर्षांचा गाउस मूठभर नोंदींवरून त्याची कक्षा गणिताने काढतो. त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला ठिपका त्याने सांगितलेल्या जागेच्या आसपास पुन्हा सापडतो. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट इथे संपते. तुम्हाला इथे आणलंय ते मात्र बारशासाठी.

पियाझींनी नाव ठेवलं ‘सेरेस फर्डिनांडिया’. सेरेस ही रोमनांची धान्याची देवी, सिसिलीशी जुनं नातं असलेली. आपली अन्नपूर्णाच म्हणा. आणि फर्डिनांड हा तिथला राजा, ज्याच्या पैशावर वेधशाळा उभी होती. अर्धं नाव देवीचं, अर्धं अन्नदात्याचं. मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे, आणि युरोपने ते तत्काळ ओलांडलं. जर्मनांना ‘जुनो’ किंवा ‘हेरा’ हवं होतं. पॅरिसचे लालांद म्हणाले, शोधणाऱ्याचंच नाव द्या, ‘पियाझी’. राजाचं शेपूट कुणालाच नको होतं, आणि ते गळालं. राजाने सुवर्णपदक द्यायचं म्हटलं तेव्हा पियाझींनी पदक नको, त्या पैशात उपकरण द्या, असं सांगितल्याची गोष्ट सांगतात. ती ऐकली की त्यांनी राजाचं नाव का जोडलं हेही समजतं. खुशामत होती, पण दुर्बिणीसाठी.

मनोरा उतरण्याआधी तेरा वर्षं पुढे डोकावून घ्या. 1814 साली याच वेधशाळेची तारकासूची छापली जाते. तिच्यात धनिष्ठा नक्षत्रातल्या दोन ताऱ्यांना कधी न ऐकलेली नावं आहेत: सुआलोसिन आणि रोटानेव्ह. ही अरबी की ग्रीक, कुणाला कळत नाही. कितीतरी वर्षांनी एका इंग्रज धर्मगुरूने ती रोमन लिपीत उलटी वाचून पाहिली: निकोलाउस व्हेनेटर. पियाझींचे मदतनीस निकोलो काच्चातोरे, त्यांच्या नावाचं लॅटिन रूप. मालक राजाचं नाव उघड लावून फसला आणि चाकराने आपलं नाव पालथं घालून आभाळात खपवलं. मला यातला चाकर जास्त आवडतो.

आता लंडनला फार वेळ थांबायचं नाही. 1850 चा सप्टेंबर, रीजंट्स पार्कमधली एक खासगी वेधशाळा. जॉन रसेल हिंड यांना, सेरेसपासून मोजत, बारावा लघुग्रह सापडलाय आणि त्यांनी नाव ठेवलंय ‘व्हिक्टोरिया’. तोवर अलिखित नियम पक्का झालाय, नाव पुराणातलं हवं आणि देवीचं हवं. अमेरिकेत नाकं मुरडली जातात. गादीवरच्या राणीचं नाव? तिथले काही जण ‘क्लिओ’ असंच लिहायला लागतात. मग बचाव पुढे येतो की व्हिक्टोरिया ही रोमनांची विजयदेवता आहे, राणीशी नाव जुळलं तो निव्वळ योगायोग. सगळ्यांना खरं काय ते ठाऊक असतं आणि सगळे मान डोलावतात.

आपल्याकडे नवी नवरी पतीचं नाव असंच घेते. चांदीची वाटी, तुळशीचं वृंदावन, गंगा-यमुना असं काहीबाही पुढे करायचं आणि यमक जुळवता जुळवता मधेच नाव सोडून द्यायचं. नाव घेतलं तर जातं, पण घेतल्याचा दोष लागत नाही. देवीच्या नावाआड राणीला बसवणं हा उखाणाच आहे. पुढे 1857 मध्ये पॅरिसचा चित्रकार गोल्डश्मिट, जो कॅफे प्रोकोपच्या वर राहायचा नि तिथूनच आकाश बघायचा, त्याला सापडलेल्या लघुग्रहाला सम्राज्ञी युजेनीचं नाव मिळालं. तिथे तर यमकाचीही गरज उरली नाही.

घोंगडी टाकून द्या, आता मद्रास. 17 एप्रिल 1861, नुंगमबाक्कमची वेधशाळा. सूर्य मावळून तासन्‌तास झाले तरी भिंती ऊब सोडताहेत आणि सदरा पाठीला चिकटलाय. नॉर्मन पोगसन यांना इथे येऊन जेमतेम दोन-तीन महिने झालेत. ताऱ्यांच्या तेजाची जी प्रतवारी आज जगभर वापरतात, पाच प्रती म्हणजे नेमका शंभर पटींचा फरक, ती यांचीच. ऑक्सफर्डला असताना त्यांनी ती मांडली.

त्यांच्या मागे उभे राहून काम नीट बघा, कारण हे काम आता जगात कुणीच असं करत नाही. एका हाताशी आकाशाच्या एका लहानशा तुकड्याचा नकाशा, त्यात मंद ताऱ्यांचे ठिपके. डोळा दुर्बिणीला. आधी दुर्बिणीतल्या ठिपक्यांचा त्रिकोण धरायचा, मग तोच त्रिकोण दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात नकाशावर शोधायचा, मग शेजारचा ठिपका, मग त्याच्या शेजारचा. वर असलेला पण कागदावर नसलेला ठिपका दिसला की थांबायचं. बहुतेक वेळा नकाशा काढणाऱ्याचाच तो राहून गेलेला असतो. म्हणून पेन्सिलने खूण करायची आणि दोन-तीन तासांनी परत बघायचं. लघुग्रह दिवसभरात फार तर चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीइतका सरकतो, म्हणजे तीन तासांत केसभर. ते केसभर पकडायला डोळ्याइतकाच धीर लागतो, आणि एप्रिलच्या मद्रासेत घामही. आज पेन्सिलीच्या खुणेपासून ठिपका हललाय.

आशिया खंडातून शोधलेला हा पहिला लघुग्रह, क्रमांक 67. नाव ठरतं ‘एशिया’. ग्रीक पुराणात या नावाची एक सागरकन्या आहे, त्यामुळे नियमही मोडत नाही. एका नावात देवीही बसली आणि खंडही. पोगसन मद्रासेतून आणखी चार शोधतील: सॅफो, सिल्व्हिया, कॅमिला आणि 1885 मध्ये व्हेरा. इथेच चिंतामणी रघुनाथाचारी काम करतात, पोगसन येण्याच्या कितीतरी आधीपासून. 1867 मध्ये त्यांनी आर रेटिक्युली या ताऱ्याचं तेज कमीजास्त होतं हे शोधलं. पण ताऱ्याला नाव द्यायचा हक्क शोधणाऱ्याला नसतो, तो लघुग्रहवाल्यांनाच. नाव ठेवायचा मान त्यामुळे पोगसनांच्या वाट्याला आला, रघुनाथाचारींच्या नाही.

एक मागचा धागा इथेच उचलून ठेवा, परतताना लागेल. मद्रासला येण्यापूर्वी, 1856 च्या मे महिन्यात, ऑक्सफर्डला पोगसनांना आपला पहिला लघुग्रह सापडला, क्रमांक 42. त्याचं नाव रॅडक्लिफ वेधशाळेचे प्रमुख मॅन्युएल जॉन्सन यांनी सुचवलं: ‘आयसिस’. आयसिस ही इजिप्तची देवी. ऑक्सफर्डात टेम्स नदीलाही आयसिसच म्हणतात. आणि पोगसनांच्या घरात साडेतीन वर्षांची एक मुलगी होती, एलिझाबेथ आयसिस पोगसन. देवी पुढे, नदी मधे, मुलगी मागे. उखाणा इतका जमून आलाय की जॉन्सनना विचारण्यातही अर्थ नाही.

व्हिएन्ना, 1885. इथे नाव विकायला काढलंय. योहान पालिझा हा डोळ्याने लघुग्रह शोधणाऱ्यांतला मेरुमणी, आयुष्यात त्याने 122 शोधले. त्याला 29 ऑगस्ट 1886 चं खग्रास सूर्यग्रहण बघायला जायचंय आणि पैसे नाहीत. इंग्लंडातल्या ‘द ऑब्झर्व्हेटरी’ मासिकात तो जाहिरात देतो: क्रमांक 244 च्या लघुग्रहाला नाव द्यायचा हक्क पन्नास पौंडांना विकणे आहे. मासिक हातात घ्या, जाहिरात पुन्हा वाचा. विज्ञानाच्या गंभीर पानांत ती विवाहविषयक छोट्या जाहिरातीसारखी दिसते. लाज वाटण्याचं कारण नाही. पियाझींनी राजाला जे न बोलता दिलं, तेच पालिझाने भाव लिहून मांडलं, इतकंच.

शेवटी सौदा झाला तो 250 क्रमांकाचा. बॅरन आल्बर्ट फॉन रोथशिल्डने पैसे मोजले आणि पत्नीचं नाव दिलं, बेटिना. आणि जाहिरातीतला तो 244? त्याचं नाव आज सीता आहे. आपल्या रामायणातली. जिची किंमत पन्नास पौंड छापून आली होती, ती सीता मंगळ-गुरूच्या मधल्या पट्ट्यात फिरते आहे. रोथशिल्डच्या स्वतःच्या नावाचं पुढे काय झालं तेही ऐका. 1911 मध्ये तो वारला. त्याच वर्षी पालिझाला सापडलेल्या एका लघुग्रहाला ‘आल्बर्ट’ नाव दिलं गेलं, आणि तो लगेच हरवला. पत्ता लागला तो थेट 2000 साली, 89 वर्षांनी.

हायडेलबर्गपर्यंत येताना गर्दी जाणवेल. 1891 पासून इथे माक्स वोल्फ छायाचित्रांवर लघुग्रह शोधतोय. काचेवर तारे ठिपके उमटतात आणि लघुग्रह बारीक रेघ. मासे जाळ्यात यावेत तशा रेघा येताहेत. देवी संपत आल्या. वोल्फने दोन लघुग्रहांना आपल्या कुत्र्यांची नावं दिली, पेट्रिना आणि सेपिना. गुरूच्या कक्षेत त्याच्या पुढे-मागे चालणारे सापडले तेव्हा त्यांना ट्रॉयच्या युद्धातले वीर वाटून दिले. पुढच्या टोळीत ग्रीक आणि मागच्या टोळीत ट्रॉयवाले, हा नियम जरा उशिरा ठरला. तोवर ट्रॉयचा हेक्टर ग्रीकांच्या छावणीत आणि ग्रीकांचा पॅट्रोक्लस शत्रूच्या छावणीत जाऊन बसला होता. कौरवांच्या तंबूत अभिमन्यू मुक्कामाला असावा तसा. अजून दोघेही तिथेच आहेत.

तुम्ही ज्यासाठी आलात ते मात्र 1930 च्या दशकातल्या एका यादीत आहे. कार्ल राइनमुथ या शांत माणसाने आपल्या आठ लघुग्रहांना, 1227 पासून 1234 पर्यंत ओळीने, नावं दिली आहेत: जेरॅनियम, स्कॅबिओसा, टिलिया, रिसिया, ऑरिक्युला, कॉर्टुसा, कोब्रेसिया, एलिना. फुलझाडं, गवतं, आणि मधेच एक अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ. माळ्याच्या वहीसारखं वाटतं. आता प्रत्येकाचं रोमन आद्याक्षर बोटावर मोजा: जी, एस, टी, आर, ए, सी, के, ई. जी. श्ट्राके. बर्लिनचे गुस्टाव श्ट्राके लघुग्रहांच्या कक्षा मांडण्याचं कंटाळवाणं काम करत, आणि त्यांनी विनंती केली होती की माझं नाव कशालाही देऊ नका. राइनमुथने दिलं नाही. फक्त उखाण्यात घेतलं. (‘स्ट्राकिया’ नावाचा लघुग्रहही पुढे झाला. प्रेमाने केलेली आज्ञाभंगाची दुसरी खेप.)

तमिळनाडूतल्या जवाधू डोंगरात कावलूरला, 17 फेब्रुवारी 1988 ला, आर. राजामोहन आणि सहकाऱ्यांना भारतातून एक लघुग्रह सापडतो. पोगसनांच्या व्हेरानंतर शंभराहून जास्त वर्षं या भूमीवरून एकही सापडला नव्हता. गणिती रामानुजनची जन्मशताब्दी होऊन दोनच महिने झालेत, तेव्हा नावासाठी डोकं खाजवायला नको. क्रमांक 4130, रामानुजन. इथे राजाही नाही, अन्नदाताही नाही, आणि आड लपायला देवीही लागत नाही.

आता नियम लेखी आहेत आणि आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेची समिती ते बघते. शोधणाऱ्याला नाव सुचवायला दहा वर्षं मिळतात. नाव सोळा अक्षरांच्या आत हवं, शक्यतो एका शब्दात. धंद्याची नावं चालत नाहीत आणि नावाचा धंदाही चालत नाही, त्यामुळे पालिझाची जाहिरात आज फेटाळली गेली असती. राजकारणी आणि सेनानी यांना मृत्यूनंतर शंभर वर्षं थांबावं लागतं. हा नियम चौकांच्या नामकरणासाठी उसना आणता आला तर नगरपालिकांचा केवढा वेळ वाचेल. पाळीव प्राण्यांची नावं नकोत, हेही सांगून ठेवलंय. 1971 मध्ये सापडलेल्या एका लघुग्रहाला शोधणाऱ्याने आपल्या मांजराचं नाव दिलं, ‘मिस्टर स्पॉक’, त्यानंतर समितीचा संयम संपला.

पण नाव मिळण्याआधी प्रत्येकाला काही काळ नुसता बिल्ला लावून राहावं लागतं, प्रसूतिगृहात बाळाच्या मनगटावर ‘बेबी ऑफ अमुक’ लिहितात तसा. 2006 च्या नोव्हेंबरात थांबा. दुर्बिणीला डोळा लावलेलं कुणी दिसणार नाही; कॅमेरे रात्रभर आभाळ टिपताहेत आणि संगणक हललेले ठिपके वेगळे काढतोय. 11 तारखेला निघालेल्या एका ठिपक्याला बिल्ला लागतो: 2006 व्हीपी32. ‘व्ही’ म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. ‘पी’ आणि 32 मिळून सांगतात की त्या पंधरवड्यातला हा 815 वा. पियाझींच्या एका ठिपक्यासाठी युरोपभर पत्रं गेली होती. इथे पंधरा दिवसांत आठशेच्या वर. कक्षा पक्की झाली की कायमचा क्रमांक मिळतो. याला मिळाला 300128.

सप्टेंबर 2019 मध्ये या 300128 चं बारसं झालं: ‘पंडितजसराज’, सगळं एका शब्दात, रोमन लिपीत बारा अक्षरं. मुंबईत संसार थाटलेल्या, व्ही. शांतारामांच्या गायक जावयाच्या नावाचा एक खडक आता मंगळ आणि गुरू यांच्या मधे आहे. आणि तो क्रमांक उलट बाजूने, दोन-दोन आकडे घेत वाचा: 28, 01, 30. 28 जानेवारी 1930, पंडितजींची जन्मतारीख. हिशेब ठेवणाऱ्या क्रमांकातही कुणीतरी उखाणा घातला. क्रमांकांची रांग लाखांच्या घरात गेली आहे आणि त्यातल्या फार थोड्यांना नाव आहे. बाकीचे बिल्ल्यावर आणि आकड्यावर फिरताहेत.

परतीच्या वाटेवर मद्रासला एक थांबा आहे, तो धागा आठवतो ना. साल 1873. साडेतीन वर्षांच्या त्या मुलीला आता एकविसावं लागतंय. आई वारली, धाकट्या भावंडांचं तिनेच केलं, आणि आता ती वेधशाळेत गणक म्हणून रुजू झालीय, पगार 150 रुपये. ‘कॉम्प्युटर’ हे तेव्हा माणसाच्या हुद्द्याचं नाव होतं. तिच्यासमोर वडिलांनी रात्री टिपलेले अंश आणि सेकंद आहेत, आणि ते दुरुस्त करून तक्त्यात भरायचे आहेत. वातावरणाने प्रकाश वाकवला तो वजा करायचा, घड्याळ मागे पडलं ते जमा करायचं. एक ओळ झाली की दुसरी. पंचवीस वर्षं ती हे करेल. मधे मद्रास प्रांताच्या हवामानाच्या नोंदींचं कामही सांभाळेल.

1886 मध्ये वडील तिचं नाव लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभासदत्वासाठी सुचवतात. सोसायटीचे वकील 1831 ची सनद उघडतात. तिच्यात सभासदासाठी सगळीकडे ‘तो’ असं सर्वनाम आहे, ‘ती’ कुठेच नाही. तेव्हा जमणार नाही. आभाळात तिचं नाव तीस वर्षं फिरतंय, खाली सर्वनामावर अडलं.

आता 1920, इंग्लंड. मद्रासची वेधशाळा मागे राहिली, वडील जाऊन एकोणतीस वर्षं झाली, तिचं लग्नही झालंय. आडनाव आता केंट. सोसायटीने अखेर तिला सभासद करून घेतलंय. ती अडुसष्ट वर्षांची आहे. 42 आयसिसला सूर्याभोवती एक फेरी मारायला तीन वर्षं आणि साधारण दहा महिने लागतात. बाप रात्री डोळे ताणून बसला होता त्या मे महिन्यापासून त्याच्या सोळा फेऱ्या पुऱ्या झाल्यात, आणि सतरावी संपत आलीय.